जखम कोणाची, क्षमा कोणाची?

चांगले आणि वाईट यांच्या झुंजीची कथा आपण वाचतो, तेव्हा आपला प्रश्न बहुधा एकच असतो : अखेर जिंकले कोण? नायक जिंकला की आपण पुस्तक मिटतो आणि समाधानाने उठतो. परंतु त्या झुंजीत नायकाच्या शेजारी जे उभे होते आणि ज्यांच्या अंगावर वार पडला, त्यांचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे सहसा आपल्या मनात येत नाही. खलनायक पकडला जातो. त्याने केलेली जखम मात्र ज्याच्या वाट्याला आली त्याच्याकडेच राहते आणि त्याच्याबरोबर म्हातारी होते. या मागे राहून गेलेल्या जखमेचा विचार आम्ही येथे करू इच्छितो, आणि त्यासाठी उदाहरण घेणार आहोत ते एका चित्रकथेचे.

चित्रकथा म्हटल्यावर काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. पोरासोरांच्या करमणुकीच्या वस्तूत नीतिविचार कसला, असे त्यांना वाटेल. परंतु आज जे आईबाप आणि आजी-आजोबा झाले आहेत, त्यांतील अनेकांनी १९६४ ते १९९० या काळात निघणारी इंद्रजाल कॉमिक्स मराठीतून वाचलेली आहेत. त्यांतला वेताळ त्यांना आठवत असेल. वेताळाचा ठोसा बसला की दुष्टाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटे आणि ती कधीच पुसली जात नसे. लहानपणी आपल्याला ते योग्यच वाटे. ज्याने पाप केले त्यानेच त्याची खूण वागवावी, हा न्याय कोणालाही पटण्यासारखा आहे. प्रत्यक्ष जगात मात्र बहुधा याच्या उलट घडते. अपराध करणारा मोकळा फिरतो आणि खूण राहते ती ज्याने काहीच केलेले नाही त्याच्या अंगावर. ज्या चित्रकथेविषयी आम्ही लिहीत आहोत, तिच्यात हे उलटे सत्य आलेले आहे, म्हणूनच ती विचार करण्याजोगी आहे.

ही कथा आहे अमेरिकेतील बॅटमनची. १९३९ साली तो प्रथम छापून आला आणि पुढच्याच वर्षी, १९४० साली, त्याच्या स्वतंत्र नियतकालिकाच्या पहिल्या अंकात त्याचा कायमचा वैरी जन्मला. तो म्हणजे जोकर. पांढराफटक चेहरा, हिरवे केस, लालभडक ओठ आणि कधीही न मावळणारे हसू. त्या पहिल्या अंकाच्या शेवटी जोकरने मरावे, असे मुळात ठरले होते. परंतु असा खलनायक पुन्हा पुन्हा उपयोगी पडेल हे संपादकांनी ओळखले आणि तो वाचल्याचे दाखवणारे चित्र शेवटी घालण्यात आले. तेव्हापासून आजपर्यंत तो जिवंत आहे. त्याच्या जगण्याची किंमत कोणी दिली, हाच आमचा विषय आहे.

जोकरजवळ कोणतीही अमानवी शक्ती नाही. बॅटमनला अंगबळाने हरवणे त्याला जमत नाही. म्हणून तो बॅटमनवर सरळ वार न करता त्याच्या माणसांवर करतो. १९८८ साली असे दोन वार झाले.

पहिला वार बार्बरा गॉर्डनवर. गॉथम शहराचे पोलीस आयुक्त जेम्स गॉर्डन यांची ही कन्या. १९६७ सालापासून बॅटगर्ल या नावाने ती बॅटमनच्या बरोबरीने लढत आली होती. 'द किलिंग जोक' या पुस्तकात (लेखक अॅलन मूर, चित्रकार ब्रायन बोलंड) ती वडिलांच्या घरी आहे. दारावर टकटक होते, ती दार उघडते आणि समोर उभा असलेला जोकर तिच्यावर गोळी झाडतो. गोळीने पाठीचा कणा दुखावतो आणि तिचे पाय कायमचे जातात. जोकर तिची तशा अवस्थेत छायाचित्रे काढतो आणि ती तिच्या वडिलांना दाखवतो. एका वाईट दिवसाने कोणाही शहाण्या माणसाचे डोके फिरू शकते, हे त्याला सिद्ध करायचे असते. गॉर्डन यांचे डोके फिरत नाही. उलट, या माणसाला कायद्याप्रमाणेच पकडून आणा, असे ते बॅटमनला बजावतात.

दुसरा वार जेसन टॉडवर. रॉबिन म्हणजे बॅटमनचा तरुण साथीदार. जेसन हा दुसरा रॉबिन. १९८८ अखेरच्या कथेत (लेखक जिम स्टार्लिन, चित्रकार जिम अपारो) जोकर त्याला लोखंडी पहारीने बडवतो आणि स्फोटात सोडून जातो. तो जगणार की मरणार, हे प्रकाशकांनी वाचकांवर सोपवले. दोन दूरध्वनी क्रमांक दिले गेले, प्रत्येक दूरध्वनीला ५० सेंट. सुमारे दीड दिवस मतदान चालले. ५,२७१ मते त्याने जगावे म्हणून पडली आणि ५,३४३ मते त्याने मरावे म्हणून. ७२ मतांनी एक मुलगा मेला.

पुढे १९९९ च्या अखेरीस तिसरा वार झाला. जोकर तान्ह्या मुलांना ओलीस धरतो. आयुक्त गॉर्डन यांच्या पत्नी सारा एसेन, स्वतः पोलीस अधिकारी, त्याच्यावर पिस्तूल रोखून उभ्या असतात. तो हातातले बाळ त्यांच्याकडे फेकतो. बाळ झेलण्यासाठी त्या पिस्तूल टाकून देतात आणि तो त्यांना गोळी घालतो.

या तीन घटना एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. जोकरच्या लेखी बार्बरा ही बार्बरा नव्हतीच. ती फक्त कोणाची तरी मुलगी होती, वडिलांच्या काळजापर्यंत पोहोचण्याची वाट होती. माणसाला साधन म्हणून वापरणे, हा तर दुष्टपणाचा गाभाच आहे. परंतु आम्हांला अस्वस्थ करते ती याच्या पुढची गोष्ट. कथा सांगणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनीही तिच्याकडे पुष्कळसे तसेच पाहिले. गोळी लागल्यावर कथा तिच्याजवळ थांबत नाही. ती निघते वडिलांच्या छळाकडे, बॅटमनच्या संतापाकडे, जोकरच्या पूर्वायुष्याकडे. बार्बरा इस्पितळात आहे, एवढेच आपल्याला कळते. जखम तिची, पण ती जमा झाली नायकाच्या खात्यात. अमेरिकन लेखिका गेल सिमोन यांनी १९९९ साली अशा स्त्री-पात्रांची एक यादीच लोकांसमोर मांडली. पुरुष नायकाला दुःख व्हावे, एवढ्याच कारणासाठी मारल्या गेलेल्या, पंगू झालेल्या किंवा विटंबिल्या गेलेल्या स्त्रियांची ती यादी होती आणि ती चांगलीच लांब होती.

हे केवळ कागदावरचे नव्हे. एखाद्या घरावर आपत्ती कोसळली की आपणही म्हणतो, "त्या बापाच्या मनाला काय वाटले असेल!" मुलीला काय वाटले असेल, हे विचारायला वेळ लागतो. आणि गुन्हेगाराविषयीचे आपले कुतूहल तर कधी संपतच नाही. जोकरची भूमिका करणाऱ्या दोन नटांना ऑस्कर पारितोषिक मिळाले : हीथ लेजर यांना २००९ मध्ये मरणोत्तर आणि वॉकिन फिनिक्स यांना २०२० मध्ये. त्यांच्या अभिनयाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु जोकरचे नाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांतल्या कितीजणांना सारा एसेनचे नाव ठाऊक आहे?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. बॅटमन जोकरला मारत नाही. कोणाचाही जीव घ्यायचा नाही, असे त्याचे व्रत आहे. तो त्याला पकडतो आणि वेड्या गुन्हेगारांसाठी असलेल्या आर्कम या संस्थेच्या हवाली करतो. जोकर तेथून निसटतो आणि पुन्हा कोणाचा तरी जीव घेतो. आपल्याकडची म्हण येथे अचूक लागू पडते : म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. ज्या काळाला आवर घालणे शक्य होते त्याला सोकावू देणारा माणूस पुढच्या मरणांचा वाटेकरी ठरत नाही काय?

हा प्रश्न कथेतच विचारला गेला आहे, आणि तो विचारतो स्वतः मेलेला मुलगा. चित्रकथांच्या जगात मरण पक्के नसते. २००५ सालच्या कथेत (लेखक जड विनिक) जेसन टॉड परत येतो. मला तू वाचवू शकला नाहीस याची मी तुला क्षमा केली आहे, असे तो बॅटमनला सांगतो आणि विचारतो : पण तो अजून जिवंत का? बॅटमनच्या उत्तराचा आशय असा, की त्याला मारणे अवघड आहे म्हणून नव्हे, तर फार सोपे आहे म्हणून मी ते करत नाही; त्या अंधारात एकदा उतरलो की मी परत येणार नाही.

या उत्तराचा अर्धा भाग आम्हांला मान्य आहे. कोणी जगावे आणि कोणी मरावे याचा निवाडा एका माणसाने रात्रीच्या अंधारात करू नये. आज जोकरला मारणारा हात उद्या त्याहून लहान अपराध्याकडे वळेल, आणि त्याला थांबवणारे कोणी उरणार नाही. शिवाय, मारणे किंवा मोकळे सोडणे असे दोनच मार्ग असतात, हेही खरे नव्हे. ज्या संस्थेच्या भिंतीतून तो वारंवार निसटतो, त्या संस्थेला जाब विचारता येतो. अपराध्याला पक्का जेरबंद ठेवणे ही नगराची जबाबदारी आहे, आणि ती जबाबदारी न पेलणाऱ्या नगराने नायकाला फाशी देणारा बनवू पाहणे हा कर्तव्यातून अंग काढून घेण्याचा प्रकार आहे. पत्नीच्या मृत्यूनंतर गॉर्डन यांच्यापुढे जोकर उभा होता आणि हाती पिस्तूल होते. त्यांनी त्याच्या गुडघ्यात गोळी घातली, पण जीव घेतला नाही. तो संयम पूर्ण नव्हता. तरी तो संयम होता, आणि तो ज्याची बायको गेली होती त्याचा होता. त्याचे वजन वेगळे आहे.

परंतु बॅटमनच्या उत्तराचा उरलेला अर्धा भाग आम्हांला पटत नाही. जेसनने विचारले होते स्वतःविषयी. बॅटमन बोलला स्वतःविषयी. मी काय होईन, माझे काय बिघडेल, माझे व्रत कसे मोडेल! जखमी माणूस समोर उभा आहे आणि आपण त्याला आपल्या सद्गुणांचा हिशेब सांगत आहोत. सज्जन माणसांकडून ही चूक वारंवार होते. आपले हात स्वच्छ राहिले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे त्यांना वाटते. न मारण्याचा निर्णय योग्य असेलही, पण त्या निर्णयाचा भार जर दुसऱ्यांवर पडत असेल, तर तो भार उचलू लागणे हा त्या निर्णयाचाच भाग आहे. ज्याला दया दाखवायची आहे त्याने, त्या दयेची किंमत जो भरतो त्याच्या दारीही गेले पाहिजे.

'द किलिंग जोक'चा शेवट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. बॅटमन जोकरला पकडतो आणि म्हणतो, की मी तुला मदत करीन, तू बरा होऊ शकतोस. जोकर उत्तर देतो, की आता फार उशीर झाला. मग तो एक विनोद सांगतो आणि पावसात उभे राहून दोघेही हसतात. शत्रूला सुधारण्यासाठी हात पुढे करणे ही थोर गोष्ट आहे. परंतु तो हात पुढे होत असताना बार्बरा इस्पितळात पडून होती, आणि ते हसू तिला विचारून हसलेले नव्हते.

क्षमा हा शब्द आपल्या घराघरांत रोज उच्चारला जातो, म्हणूनच त्याविषयी काटेकोर असणे आवश्यक आहे. अपराध्याचा जीव न घेणे ही एक गोष्ट. तो सुधारावा अशी इच्छा धरणे आणि त्यासाठी झटणे ही दुसरी. या दोन्ही गोष्टी कोणीही करू शकतो, किंबहुना सर्वांनी कराव्यात. त्याला क्षमा करणे ही तिसरी गोष्ट, आणि ती ज्याला जखम झाली त्याच्याच हाती आहे. येथे चित्रकथेहून फार गंभीर अशा एका सत्य घटनेची आठवण होते. दुसऱ्या महायुद्धात छळछावणीतील कैदी असलेले सायमन वीझेन्थाल यांना एका मरणासन्न नाझी सैनिकाच्या खाटेजवळ नेण्यात आले. निरपराध ज्यूंच्या हत्येत आपण सहभागी होतो, अशी कबुली त्याने दिली आणि एका ज्यू माणसाकडून क्षमा मिळावी अशी याचना केली. वीझेन्थाल काही न बोलता तेथून निघून गेले. पुढे 'द सनफ्लॉवर' या पुस्तकात त्यांनी हा प्रसंग लिहिला आणि तुम्ही काय केले असते, असे जगातील विचारवंतांना विचारले. मते अनेक आली. परंतु जे मारले गेले त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नाही, असे त्यांतील अनेकांनी म्हटले. आम्हांलाही तेच पटते. गॉर्डन आपल्या दुःखापुरती क्षमा करू शकतात, बॅटमन आपल्या दुःखापुरती. बार्बराच्या पायांची क्षमा बार्बराजवळच आहे, आणि ती तिने केव्हा करावी किंवा करावी की नाही, हे तिला कोणी घाई करून सांगू नये.

मग बार्बराचे पुढे झाले काय? संपादकांच्या दृष्टीने तिची कथा जवळजवळ संपली होती. परंतु जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या लेखक दांपत्याला ते रुचले नाही. १९८९ च्या आरंभी त्यांनी तिला ओरॅकल या नावाने परत आणले. बार्बरा मुळात ग्रंथपाल होती. माहिती शोधणे, जुळवणे आणि जपणे हे तिचे शिक्षणच होते. चाकाच्या खुर्चीत बसून, संगणकाच्या साहाय्याने ती केवळ बॅटमनची नव्हे, तर कितीतरी नायकांची वाटाडी बनली. १९९६ सालच्या एका कथेत तिच्या त्या पहिल्या दिवसांचे वर्णन आहे. तीत ती बॅटमनला त्या पावसातल्या हसण्याबद्दल जाब विचारते. आपल्यावर वार झाला तो आपल्यासाठी नव्हे, दुसऱ्यासाठी. आपल्या आयुष्याला मोल आले ते केवळ दुसऱ्याच्या संदर्भात. ही मानहानी गोळीइतकीच तिला सलते. आठ वर्षांनी का होईना, कथेने तिला बोलू दिले.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. "पाहा, दुःखाने तिला किती मोठे केले!" असे म्हणण्याचा तो मोह. ओरॅकल घडली ती बार्बराच्या कष्टाने, जोकरच्या गोळीने नव्हे. जखमेतून कोणी काही उभे केले, तर त्याचे श्रेय जखम करणाऱ्याकडे जात नाही आणि त्याचा अपराधही कमी होत नाही. शिवाय, जखमी माणसाने थोर झालेच पाहिजे, अशी सक्तीही कोणावर करता येत नाही. जेसन थोर झाला नाही. तो कडवट झाला, हिंसक झाला. त्याच्या वागण्याचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु त्याचा प्रश्न खरा होता, आणि प्रश्न विचारणारा सज्जन नाही म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही.

आणखी एक विषमता नोंदवण्याजोगी आहे. १९९३ साली बेन नावाच्या दुसऱ्या एका खलनायकाने खुद्द बॅटमनचा कणा मोडला. १९९४ साली बॅटमन पुन्हा गच्चीवरून उड्या मारू लागला. त्याच शहरात, त्याच कथांत बार्बरा मात्र खुर्चीतच होती. नायकाची जखम हा त्याच्या कथेतला एक प्रसंग असतो. सोबत्याची जखम हेच त्याचे आयुष्य होऊन बसते. पुढे २०११ साली प्रकाशकांनी सर्व कथा नव्याने सुरू केल्या, तेव्हा बार्बरा शस्त्रक्रियेने बरी होऊन पुन्हा बॅटगर्ल झाली. कित्येकांना आनंद झाला. परंतु चाकाच्या खुर्चीत बसून ती पुस्तके वाचणाऱ्या अनेकांना दुःख झाले. दोन दशकांहून अधिक काळ आपल्यासारखी एक कर्तबगार स्त्री त्या पानांत होती. ती एका फटक्यात नाहीशी झाली, आणि तुमच्यासारखे असणे ही दुरुस्त करण्याचीच गोष्ट आहे, असे जणू त्यांना सांगितले गेले. जखम दिसेनाशी करणे आणि जखमी माणसाला मान देणे, यांत केवढे अंतर आहे ते येथे दिसते.

वाचकहो, आपल्या वस्तीत जोकर नसतो. परंतु दारू पिऊन गाडी हाकणारा असतो, भावाची जमीन लुबाडणारा असतो, घरातल्या बाईवर हात उगारणारा असतो. त्याचे काय करायचे यावर चर्चा होते. कोणी म्हणतात त्याला ठेचा, कोणी म्हणतात त्याला सुधारू द्या. बैठक होते, समेट होतो, आणि शेवटी जिला लागले तिच्याकडे वळून कोणीतरी म्हणते, "जाऊ दे आता, झाले गेले गंगेला मिळाले." बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. परंतु तिचे झाले गेले गंगेला मिळालेले नसते. ते तिच्या मोडलेल्या मनगटात असते, घरखर्चाच्या वहीत असते, रात्री दचकून जागे होण्यात असते. ज्याचे जळते त्यालाच कळते.

आम्ही सूड मागत नाही. अपराध्याला माणूस मानणे सोडू नये, त्याच्या सुधारण्याचे दार बंद करू नये, हे आम्हांला मनापासून मान्य आहे. आमचे मागणे एवढेच, की त्याच्याकडे जाण्यापूर्वी, किंवा निदान त्याच दिवशी, आपण जखमी माणसाच्या दारावरही थाप द्यावी. तेथे उपदेश करू नये. तिला काय हवे ते विचारावे, ती सांगेल ते ऐकावे. रिक्षाचे भाडे, कोर्टाची तारीख, मुलांची फी, जे काही असेल ते पाहावे. आणि वर्ष उलटल्यावर, बाकीचे सगळे विसरले असतील तेव्हा, पुन्हा एकदा जावे.